डावीकडचा सायलेन्सर

“सायलेन्सर डावीकडे आहे,” मी म्हणालो. “म्हणजे ही तुमच्या वडिलांची गाडी नव्हे.”

“मी म्हणतच होते,” मीनाताईंच्या आई दिवाणावरून म्हणाल्या. मीनाताईंचा चेहरा उतरला.

कोलकात्यात बालीगंजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही लॅपटॉपवर एका जुन्या बंगाली सिनेमाचा तुकडा बघत होतो. बराकपूरचा गंगेकाठचा रस्ता. गॉगलवाला एक माणूस मोटरसायकलवरून येतो, थांबतो, पोलीस त्याला सलाम ठोकतो. चेहरा नीट दिसत नाही. हिरोच्या जागी ती गाडी आपणच चालवली, असं मीनाताईंचे वडील मरेपर्यंत सांगत होते. आई ते थापा म्हणून उडवून लावत. गाडी कधीच विकली गेली होती. उजव्या बाजूनं काढलेला तिचा एक फोटो तेवढा उरला होता.

मी मोटर सर्व्हेयर. समोरची गाडी विमा उतरवलेलीच आहे ना, हे इन्शुरन्स कंपनीसाठी तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. इथे सिनेमातल्या गाडीची नंबर प्लेट चिखलानं भरलेली. गाडी बनवणारी कंपनी शोधायलाच दोन दिवस लागले. शेवटी पेट्रोलच्या टाकीच्या आकारावरून पत्ता लागला. इंग्लंडमधली छोटी कंपनी, थोड्या गाड्या काढून बंद पडलेली. फोटोतली गाडीही त्याच मॉडेलची. पण तिचा सायलेन्सर, म्हणजे धूर बाहेर सोडणारी नळी, उजवीकडे.

घरी आलो तरी चैन पडेना. ओळखीच्या एका संग्राहकाकडून जुना कॅटलॉग फोनवर मागवला. या कंपनीनं डावीकडे सायलेन्सर कधी बसवलाच नव्हता. मग ही गाडी आली कुठून?

तुकडा पुन्हा लावला. या वेळी गाडी सोडून बाकी सगळं पाहिलं. पोलीस डाव्या हातानं सलाम करत होता.

फिल्म उलटी लागली होती, आरशात दिसतं तशी. कॉम्प्युटरवर चित्र फिरवलं. सायलेन्सर उजवीकडे आला. मागच्या मडगार्डवरचं चौकोनी ठिगळही फोटोतल्या जागीच दिसलं.

दुसऱ्या दिवशी आईंनी चष्मा लावून ते दोनदा पाहिलं.

“हे ठिगळ सियालदहच्या वेल्डरकडचं,” त्या म्हणाल्या. “मी होते बरोबर.” मग त्यांनी पडद्यावरच्या ठिगळावर बोट ठेवलं. “खरं सांगत होते ते. आणि मी चारचौघांत हसत होते त्यांना.”

मीनाताई लॅपटॉप मिटायला गेल्या. आईंनी त्यांचा हात धरला. “राहू दे. अजून एकदा लाव.”

मला फार वाईट वाटलं. एक दिवस का होईना, चुकीचा रिपोर्ट मीही दिला होता. आता नव्या सर्व्हेयरांना सांगतो, गाडी ओळखायची असेल तर आधी तिच्या आजूबाजूची माणसं बघा.