इरकलीचं फडकं

इथे परदेशात, स्टॅनमोर स्टेशनबाहेर एक आजोबा रोज सकाळी आपल्या इलेक्ट्रिक सायकलची चेन पुसत असत. पुसून झाली की तेलाचा एकेक थेंब, मग पुन्हा फडकं. मला वाटायचं, काय हा सोस! एकदा फडक्याचा काठ ओळखीचा वाटला, म्हणून मराठीतच विचारलं, "अहो, ही इरकल ना?"

"आमच्या हिची. शेवटच्या आजारपणात तिनंच फाडून ठेवली. म्हणाली, नाहीतर कपाटात ठेवून रडत बसाल." मग चेनवर बोट टेकवून म्हणाले, "जोर मोटरचा दिसतो हो, पण झिजते ही. रोज पुसली तर टिकते. मला उशिरा कळलं."

त्यांची बोटं तेलाने काळी झाली होती. काठ मात्र त्यांनी दुमडून, तेल लागणार नाही असा वर धरला होता.