चौथं यंत्र हवंच म्हणणारा बिरू

बिरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरजेच्या आमच्या दुकानात सतारीला तारा चढवत होतो. सकाळी उठलाच नाही म्हणाले... पुढचं मी नीट ऐकलं नाही. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं आम्ही एका खोलीत काढली. मी डिग्री गुंडाळून अब्बांच्या सतारींकडे परतलो, तो संगणकात शिरला आणि तिथेच रमला.

जतकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं धनगराचं पोर. आयुष्यभर एकाच प्रश्नामागे लागलं होतं. चार यंत्रांनी मिळून काही ठरवायचंय आणि त्यातलं एक बिघडून याला एक, त्याला दुसरंच सांगतंय, तर बाकीच्यांचं एकमत व्हायचं कसं? मी म्हणायचो, आधी तो लबाड शोधा. तो हसायचा. "गड्या, लबाड कोण ते कळायची गरजच न्हाई. तो मधी बसलेला असतानाच बाकीच्यांनी एक ठरवायचं." आणि हे गणिताने सिद्ध करता येतं, असं तो सांगायचा. मी आजही त्या कल्पनेपुढे थक्क होतो.

त्याच्या घरी ही रीत जुनीच. मेंढरं पुढे हलवण्याआधी चारापाणी बघायला माणसं वेगवेगळ्या वाटांनी जात. तळावर परतल्यावर प्रत्येकाने स्वतः काय पाहिलं ते तर सांगायचंच, पण वाटेत भेटलेल्याने आपल्याला काय सांगितलं तेही सांगायचं. मगच कुठं जायचं ते ठरे. बिरूने यंत्रांना तेच शिकवलं.

कृष्णाकाठी पुराचा इशारा देणारी यंत्रं बसवायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा वरच्यांना तीन यंत्रं पुरेशी वाटत होती. हा हट्टाला पेटला. मला समजावताना म्हणाला, "समज, तू मला म्हणालास पाणी चढतंय. तिसरा म्हणतो, तू त्याला उतरतंय म्हणालास. आता खोटा तू का तो? तिघांत हे कवाच सुटत न्हाई. चौथा लागतोच." भांडून भांडून त्याने चौथं मिळवलं.

पुढे एका पावसाळ्यात तसंच झालं. एक यंत्र शेजारच्या एका यंत्राला पाणी चढणार म्हणून सांगत होतं, दुसऱ्याला उतरणार म्हणून. उरलेल्या तिघांनी आपसांत पडताळून इशारा दिला. सांगलीत नदीलगत राहणारी माझी अम्मी मोबाईलवरच्या अक्षरांवर घर सोडणारी नव्हे. माझंही ऐकेना. शेवटी बिरूने स्वतः फोन केला, "आवं अम्मी, माझ्यासाठी निघा." ती निघाली. त्या पुरात आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. ती आत असती तर... हा विचार मी अजून पुरा करू शकत नाही.

बिरूला जाऊन काही आठवडे झाले आणि परवा पुन्हा इशारा आला. चारातलं एक यंत्र बंदच पडलं होतं म्हणे, तरी तिघांचं एकमत झालं. मी धावत सांगली गाठली. आता हिला फोन कोण करणार, ही एकच काळजी. पोचलो तर अम्मी गाठोडं बांधून दारात उभी. शेजारच्या काकू विचारत होत्या, आभाळ तर उघडलंय, पाणी येणार असं म्हणतंय तरी कोण?

अम्मीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

"बिरू म्हणतोय. चला."