कुरडयांची राखण

ऐंशीच्या दशकात मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होते. एका एप्रिलमध्ये एकच बातमी पहिल्या पानावर आणि पाचव्या पानावर छापून आली, दोन वेगवेगळ्या मथळ्यांनी. दोन्ही मथळे मीच दिले होते. संपादकांनी दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"पाचव्या पानावरचा बरा आहे," ते म्हणाले. "आता पंधरा दिवस घरी बसा. परत आल्यावर पुन्हा असं झालं, तर तुम्हाला डेस्कवर ठेवता येणार नाही."

झोप दोन महिने धड लागत नव्हती. डोळे मिटले की मजकुराच्या ओळी सरकत राहत. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. "काही करू नका," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर दोन दिवसांत मी तिन्ही कपाटं आवरली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी हातात काठी दिली.

सहकारनगरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी पहाटेच गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या. जुन्या धोतरावर बारा ओळी; त्या वाळल्या की पुढचा घाणा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई होती.

"कावळे हाकलायचे," त्या म्हणाल्या. "वाचायचं नाही, विणायचं नाही. नुसतं बसायचं. जमेल ना आपल्याला?"

"पेपर तरी नेऊ का?"

"नको. कोण वाचतंय ते कावळ्याला बरोबर कळतं."

पहिल्या दिवशी मी कुरडया मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. दुसऱ्या दिवशी कावळा किती मिनिटांनी येतो याची नोंद ठेवली. कागद नव्हता म्हणून काठीच्या टोकाने गच्चीवरच्या धुळीत. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क कपडे वाळत घालायला आले. "काय वहिनी, कावळ्यांची मुलाखत का?" असं विचारून उत्तराची वाट न पाहता खाली गेले.

चौथ्या दिवशी नोंद राहून गेली. टाकीची सावली सरकायची, मी चटई सरकवायची. ओल्या कुरडया आधी काचेसारख्या असतात, दुपारी कडेने पांढऱ्या होत जातात. पर्वतीवर चढणारी माणसं ठिपक्यांएवढी दिसत. त्यातला एक ठिपका वर पोचेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले. त्याचं मला काहीही करायचं नव्हतं. हे लक्षात आलं आणि एकटीलाच हसू आलं.

सहाव्या दिवशी जेवण करून वर आले, भिंतीला टेकले. त्यानंतरचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा पावणेचार वाजले होते. टाकीची सावली केव्हाच निघून गेली होती, तरी माझ्या तोंडावर ऊन नव्हतं. सासूबाई शेजारी बसून माझ्यावर छत्री धरून होत्या. काठी त्यांच्या मांडीवर होती. पलीकडच्या कडेची कुरडयांची एक अख्खी ओळ गेली होती.

"आई, कावळे!"

"येऊन गेले."

हेडक्लार्क दोरीवरचे कपडे काढत होते. "दोनदा येऊन गेले," ते म्हणाले. "मी हुसकावायला लागलो, तर तुमच्या सासूबाईंनी मलाच गप्प बसवलं. गेली वीस वर्षं त्या माझ्या धोतराच्या सावलीवरून भांडतायत. आज कावळ्यांना पंगत!"

"ओरडले असते तर ही उठली असती," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तीन तास झोपलीस. घोरतेस, हेही कळलं."

उरलेले दिवस राखण दोघींनी केली. म्हणजे एकीने बसायचं आणि दुसरीने झोपायचं. त्या वर्षी कुरडया कमी भरल्या. तळल्यावर मात्र परातभर फुलल्या.

पंधरा दिवसांनी कामावर गेले. संपादकांनी मान वर न करता विचारलं, "रजेत काय केलंत?"

"कुरडया राखल्या."

"जमलं?"

"नाही. एक ओळ गेली."

त्यांनी बातम्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पहिला मथळा एका दमात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी अंक उघडला. पहिल्या पानावर ती बातमी होती. पाचवं पानही पाहिलं. तिथे नव्हती. सासूबाईंनी अंक माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "चल वर. आज साबुदाण्याच्या पापड्या आहेत."