दादांना ‘बसा’ कोण म्हणणार

आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर अमेरिकेतलं बास्केटबॉल असतं. तिकडची रात्र म्हणजे आमची सकाळ, त्यामुळे माझा नवरा पोह्यांची बशी हातात धरून आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून मॅच बघतो. मॅच नसेल तर मॅचविषयी भांडणारी माणसं बघतो. त्या दिवशी सूट घातलेले काहीजण तावातावाने बोलत होते. वय झालेल्या, भरमसाठ पगार घेणाऱ्या एका मोठ्या खेळाडूला एका टीमने घ्यावं की नाही, हा वाद होता. त्याच्या बदल्यात चांगले तरुण खेळाडू द्यावे लागणार होते. एकजण म्हणाला, घ्या, असा अनुभव मिळतो कुठे. दुसरा म्हणाला, आधी त्याचे गुडघे बघा.

“तुला काय वाटतं?” नवऱ्याने विचारलं.

“मला वाटतं, तू पोहे खा. गार होतायत.”

हे मी जरा जोरातच म्हणाले असणार, कारण शाळेचे बूट घालता घालता मुलगी म्हणाली, “अय्या, आई सो फिअर्स लाह.”

चिडायचं कारण होतं. नेमका हाच प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यात बसला होता, आणि त्यात पगाराचा काही संबंध नव्हता.

आम्ही सिंगापूरला, पुंगोल भागात राहतो, पण आमची टीम तोआ पायोह भागातली. रविवारी तिथे एकाच्या फ्लॅटवर बुद्धवंदना होते. वंदना झाली, नाश्ता झाला की आम्ही सगळे ब्लॉकच्या मागच्या कोर्टवर उतरतो. कुणी इंजिनिअर, कुणी संशोधक, बायका-पुरुष एकत्र. मी कॅप्टन आहे. कोण खेळणार आणि कोण बाहेर बसणार हे मी ठरवते, आणि त्यासाठी शिव्याही मीच खाते. इथल्या भारतीय कुटुंबांच्या टीमांची दरवर्षी स्पर्धा असते. एकाच भाषेच्या, एकाच कॉन्डोच्या लोकांनी घोळका करून बसू नये म्हणून स्पर्धेवाल्यांनी एक नियम केला आहे. स्पर्धेआधी प्रत्येक टीमला एक खेळाडू दुसऱ्या टीमशी बदलून घेता येतो.

यंदा इथल्याच ईस्ट कोस्ट भागातल्या टीमकडून निरोप आला. आमचे दादा घ्या आणि तुमचा तो उड्या मारणारा पोरगा आम्हाला द्या. पोरगा म्हणजे विद्यापीठात पोस्ट-डॉक करणारा नांदेडचा एक संशोधक, आमच्या टीममधला सगळ्यात चपळ माणूस. आणि दादा म्हणजे एके काळी राज्याकडून खेळलेले, आता पन्नाशी ओलांडलेले, उजव्या गुडघ्याला जाड पट्टा बांधून खेळणारे इंजिनिअर. सिंगापूरच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव घेतलं की लोक खुर्चीत जरा सरळ बसतात.

बाकीच्यांसाठी ते नाव होतं. मला मात्र बॉल हातात धरायला त्यांनीच शिकवलं.

नागपूरला आमच्या वस्तीत सिमेंटचं एक कोर्ट होतं. संध्याकाळी तिथे मुलं खेळायची आणि आम्ही मुली कडेला उभ्या राहून बघायचो. दादा तेव्हा कॉलेजात होते. एक दिवस त्यांनी खेळ थांबवला, आमच्याकडे बोट दाखवलं आणि मुलांना म्हणाले, आता अर्धं कोर्ट यांचं. मुलं कुरकुरली. दादांनी बॉल काखेत धरला आणि कुरकुर संपेपर्यंत तसेच उभे राहिले. त्यानंतर आम्ही खेळायला लागलो. माझ्या आईला हे मान्य नव्हतं. तिची समजूत काढायलाही तेच घरी आले, आणि चहा पिऊन, निकाल लावूनच गेले.

दादा डावरे. बोर्डाकडे पाठ करून, मान न वळवता डाव्या हाताने बॉल मागे टाकायचे आणि तो जाळीत पडायचा. पण मला त्यांची सगळ्यात जास्त आठवण राहिली ती बाकाची. कोर्टाच्या कडेला सिमेंटचा बाक होता. एप्रिल-मे महिन्यात तो संध्याकाळीही तव्यासारखा तापलेला असायचा. एखादी दमली, चिडली, खेळ बिघडवायला लागली की दादा तिला हाक मारत नसत. आपल्या गळ्यातला दुपट्टा काढायचे, चौघडी करायचे आणि बाकावर टाकायचे. दुपट्टा दिसला की आपण समजायचं आणि जाऊन बसायचं. दादा मग पाण्याची बाटली हातात द्यायचे आणि खेळातलं काहीतरी दाखवत राहायचे. बाहेर काढल्याचा राग यायचा, पण अपमान वाटायचा नाही. आपली जागा कुणीतरी आधीच थंड करून ठेवलेली असायची.

त्या माणसाला आपल्या टीममध्ये घ्यायचं का, यावर वंदनेनंतर सभा बसली. खरं तर सभा कसली, निकाल लागल्यातच जमा होता. एकजण म्हणाला, त्यांचं नाव ऐकूनच समोरचे गार होतील. दुसरी म्हणाली, आपली मुलं बघायला येतात, त्यांना कळेल खरा खेळाडू कसा असतो. ज्याला द्यायचं होतं तो नांदेडकर सुद्धा खूश होता. “मला चालेल ताई, तिकडे कोर्टच्या बाजूला समुद्र आहे,” तो म्हणाला. गेल्या मोसमात दादा कसे धावत होते, हे मी हळूच विचारलं. त्यावर, ज्यांच्या फ्लॅटवर वंदना होते ते घरमालक हात झटकून म्हणाले, “अहो, हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा!”

“सव्वा लाखाचा खरा,” मी म्हणाले, “पण उचलणार कोण?”

कुणी हसलं नाही. मलाही लगेच वाईट वाटलं. ज्या माणसाने आईची समजूत काढून मला खेळायला आणलं त्याच्याबद्दल मी हे बोलले होते. तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही. मी सांगितलं, माझं मत नाही असं आहे. दादा सरावाला येणार नाहीत, कारण गुडघा एका दिवसापुरताच शिल्लक आहे. ते खेळले की सगळे बॉल त्यांच्याकडे जाणार. आणि एकदा कोर्टवर उतरले की ते उतरलेलेच राहणार. ईस्ट कोस्टची टीम गेली दोन वर्षं अशीच हरली होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच उघड बोलत नव्हतं.

“तू तर त्यांची विद्यार्थिनी,” घरमालक म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. शेवटी ठरलं की कॅप्टनने काय ते ठरवावं. म्हणजे सगळ्यांनी हात धुतले आणि साबण माझ्या हातात दिला.

परतताना एमआरटी मेट्रोत नवऱ्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, “गुडघा, सराव हे सगळं ठीक. तुला त्यांना बाहेर काढावं लागेल, त्याची भीती वाटतेय ना?”

वाटत होती. फोनवरच्या त्या सूटवाल्यांनी वय मोजलं होतं, पगार मोजला होता, पॉइंट मोजले होते. त्या म्हाताऱ्या स्टारला भर खेळात ‘तू आता बस’ असं कोण सांगणार, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आमच्याकडे ते काम माझं होतं. ज्यांनी मला उभं केलं, त्यांना सगळ्यांसमोर मी बसवायचं. ते नंतर हसून ‘जाऊ दे’ म्हणाले असते, आणि मग आमच्यात पूर्वीसारखं काही उरलं नसतं. याचीच मला धास्ती होती. टीम हरण्याचं मला तितकंसं काही नव्हतं.

बातमी ईस्ट कोस्टपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दादांचाच फोन आला. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, भेटू म्हणाले. मी पोचले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते, कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवलेली होती, आणि उजवा पाय समोरच्या स्टुलावर लांब केला होता. मला बघून त्यांनी तो घाईने खाली घेतला.

“जय भीम, दादा.”

“जय भीम. काय वं बाई, मला नाही म्हटलं म्हणे तू?”

मी तयार करून आणलेलं सगळं विसरले. सरावाचं काहीतरी पुटपुटले. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं आणि मग कप बाजूला सारला.

“ही अदलाबदल कोणी काढली ठाऊक आहे? मी काढली. त्यांना वाटते, मी रुसून चाललो. तिकडे सगळे मला सर म्हणतात. गुडघा सुजला, तरी सर अजून पाच मिनिटं, सर तुम्ही आहात म्हणून. चांगली पोरं आहेत. पण कोणी मला बस म्हणत नाही.”

“मग तुम्ही स्वतःच बसायचं ना, दादा.”

“नाही जमत.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “तुम्हाला सगळ्यांना बसवलं मी. मला स्वतःला कधी बसवता आलं नाही. कोर्टवर उभा असलो की वाटते, पुढचा बॉल जाईल. डॉक्टर म्हणते, पूर्ण बंद करा. ते तर त्याहून नाही जमत. थोडं खेळायचं आहे, आणि मग कोणीतरी बस म्हटलं पाहिजे. तू म्हणशील असं वाटलं.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी ट्रे आपटत होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले. मी ज्या कारणासाठी त्यांना नको म्हणत होते, नेमकं त्याच कारणासाठी ते माझ्याकडे येत होते. “बरं,” मी म्हणाले. दादांनी माझ्यासाठी एक कोपी मागवली, आणि साखर कमी सांगितली, कारण लहानपणी मला गोड चहा आवडत नसे.

होकार देणं सोपं गेलं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती वेळ आलीच. पहिलीच मॅच ईस्ट कोस्टशी, आमच्याच कोर्टवर, भर दुपारी. सुरुवातीला दादा अप्रतिम खेळले. पहिल्यांदा त्यांनी पाठमोरा बॉल टाकला आणि तो जाळीत पडला, तेव्हा समोरच्या टीममधल्या नांदेडकरानेही टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी तोंडात बोट घालून बघत होती. मीही क्षणभर कॅप्टन राहिले नाही, वस्तीतल्या कोर्टाच्या कडेला उभी असलेली मुलगी झाले.

मध्यंतरानंतर ते हळूहळू मंदावले. आधी परत यायला उशीर होऊ लागला. मग त्यांच्या अंगावरून नांदेडकर सहज निघून जायला लागला, आणि प्रत्येक वेळी मागे वळून ओशाळवाणा बघायला लागला. आमचे लोक तरीही दादांनाच बॉल देत होते. दोनदा तो रिंगला लागून बाहेर आला. ते धावताना उजवा पाय थोडा बाहेर फेकायला लागले होते. घरमालक माझ्याजवळ येऊन म्हणाले, “अजून थोडा वेळ राहू दे त्यांना. वाईट दिसेल.”

मला ओरडता येईना. दोनच तर शब्द होते, ‘दादा, बसा’. कडेला अॅल्युमिनियमच्या पायऱ्यांचा बाक होता, उन्हाने चांगलाच तापलेला, म्हणून कुणी त्यावर बसलंही नव्हतं. त्या बाकाकडे बघता बघता मला सुचलं. मुलीच्या पोहण्याच्या पिशवीतून मी तिचा टॉवेल ओढून काढला, पिवळ्या बदकांचा.

“आई! दॅट्स माइन!”

मी टॉवेलची चौघडी केली आणि बाकावर टाकली. मग कोर्टकडे वळायचं धैर्य होईना म्हणून तो पुन्हा एकदा सारखा केला.

बॉल बाहेर गेला होता. मी वर बघितलं तेव्हा दादा कोर्टच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात कमरेवर, आणि टॉवेलकडे बघत होते. कुणालाच काही कळत नव्हतं. कुणीतरी बॉल त्यांच्या हातात देत म्हणालं, “सर, तुमचा थ्रो आहे.” दादांनी बॉल परत त्याच्याच हातात दिला, आणि लंगडत, पण सावकाश, कुणाचीही मदत न घेता बाकाकडे आले. बदकांवर बसले. मी बाटली पुढे केली. त्यांच्या जागी दुसऱ्याला पाठवलं, मॅच सुरू झाली, आणि मी त्यांच्या शेजारी तापलेल्या पत्र्यावर तशीच बसले.

मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी न राहवून मी म्हणाले, “दादा, रागावलात?”

त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडला आणि पाय लांब केला. या वेळी त्यांनी तो मागे घेतला नाही.

“रागावलोच,” ते म्हणाले. “किती उशीर केला तू. मी केव्हाचा बाकाकडे बघून राहिलो होतो.”