न झाडलेलं अंगण

आमच्या घरात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की तो पोचल्याचा सांगावा येईपर्यंत झाडू मारत नाहीत. ओटा नाही, अंगण नाही. जाणाऱ्याची पावलं झाडली तर त्याची परतीची वाट पुसते, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं. तुम्ही म्हणाल म्हातारीचं खूळ. असेल. मी चौथीपर्यंत शाळा शिकलेली, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. पण या रीतीच्या विरुद्ध काही छापलेलं मला अजून कुठे सापडलं नाही.

आम्ही मूळचे इथले नाही. तापीकाठी आमची केळी आहे, ऊस आहे, पक्कं घर आहे, म्हणून नव्या माणसाला वाटतं हे इथलेच. पण घरात अजून आम्ही गुजराती वळणाचं बोलतो आणि उंबऱ्याबाहेर अहिराणी. सासूबाईंच्या गोष्टीत बैलगाड्या असायच्या. गुजरातेतून पाच गाड्या आल्या, गावाबाहेर कडुनिंबाखाली सुटल्या, आणि कोण कुठले म्हणून गावातल्या बायका विहिरीत घागर बुडवू देईनात. तिकडे मागे राहिलेल्या एका म्हातारीनं अंगण झाडलं नव्हतं. सांगावा पोचायला अख्खा पावसाळा गेला. तोवर तिच्या अंगणात गुडघाभर गवत झालं आणि त्यात साप निघाला. सासूबाई हे हसत सांगायच्या. मीही हसत ऐकायची.

या दिवाळीनंतर माझा नातू निघाला. बावीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, शेतात मन नाही. आमच्या गुजरातेतल्या पाहुण्यांची दोन पोरं अशीच अमेरिकेला गेलेली, त्यांच्या मोटारीपुढे उभ्याचे फोटो हा दिवसभर बघायचा. मग माझ्या मुलाने एक दलाल गाठला. आधी विमानानं एका देशात, तिथून दुसऱ्या, मग काही वाट पायी, रानातून. कागद? मी विचारलं तर मुलगा म्हणाला, माय, ते तिथे गेल्यावर होतात. नदीकाठचा तुकडा गेला त्यात. त्याचं मी बोलत नाही.

दलालाचं एकच बजावणं होतं, कुणाला काही सांगायचं नाही. विचारलं तर पोरगा सुरतला नोकरीला लागला म्हणायचं. आम्ही सगळ्यांनी तसंच पाठ केलं.

निघायच्या सकाळी मी तुळशीपुढचा चौकोन शेणानं सारवला होता. बाकी सगळीकडे फरशी आली, तेवढा एक चौकोन मी अजून सोडलेला नाही. तो पाया पडायला वाकला आणि त्याचा नवाकोरा बूट ओल्या सारवणात रुतला. मी रागावले. तो हसला.

"राहू दे मोठी माय. सही केली समज."

मुलाने त्याला विसरवाडीपर्यंत नेलं. तिथे हायवेवर एक पांढरी गाडी उभी होती. त्यात आणखी तीन पोरं होती म्हणे, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मुलगा परत आला आणि हातपाय न धुता तसाच खाटेवर बसला.

आणि मी झाडू दाराआड उभा केला. विचारसुद्धा केला नाही हो. पाणी तापवावं, दिवा लावावा, तसंच ते. दुसऱ्या दिवशी केळीच्या वाळक्या पानांच्या चिंध्या उडून आल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बकऱ्या फिरून गेल्या. पाचव्या दिवशी समोरची बाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती, ती माझ्या अंगणाकडे बघत राहिली. मग मला म्हणते,

"काय वं माय, सुरत इतली दूर कधी गई?"

आमच्या घरची ही रीत गावात कुणाला माहीत नाही? सकाळी निघालेला दुपारी सुरतला पोचतो. संध्याकाळी अंगण झाडलेलं दिसायला हवं होतं. तोंडाला आम्ही कुलूप लावलं आणि केर मात्र दारात मांडून बसलो. मी काहीतरी बोलले, गुडघे दुखतात म्हणाले. ती म्हणाली, मग ती तुझी कामवाली काय करते?

कामवाली म्हणजे म्हसावदच्या वर डोंगरात पाडा आहे, तिथली. बारा वर्षं झाली आमच्याकडे. तिचा नवरा आणि थोरली लेक दरसाल दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊस तोडायला जातात. भांडी, कोंबड्या, गोधड्या, सगळं घेऊन. जिथून आमच्या गाड्या आल्या, तिकडेच. तिने मला एकदाही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी झाडू दाराआड पाहिला आणि धुणं घेऊन मागच्या दारी गेली.

पहिले आठ दिवस नातवाचे फोटो येत होते. विमानतळावर उभा. मग एका खोलीत सहाजण जमिनीवर. मग चिखलाने भरलेले बूट, नुसते बूट, चेहरा नाही. ते बूट मी ओळखले.

नवव्या दिवशी दलालाचा मुलाला फोन आला. तुमच्या गावात बोभाटा झालाय, आता पोराचा फोन येणार नाही. ज्या पोरांचा गवगवा होतो, त्यांना आमची माणसं पुढे नेत नाहीत, असतील तिथे सोडून देतात. एवढं बोलून त्याने ठेवला.

मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आयुष्यात माझ्याशी आवाज चढवून बोलला नाही, तेव्हाही चढवला नाही.

"माय, तुझ्या केरापायी पोरगा रानात राहील. झाडून टाक."

मी नाही म्हणाले. तो बाहेर निघून गेला. सुनेच्या मांडीवर फोन आणि फोनला वायर, दिवसभर ती तशीच. मी तुळशीपाशी बसले. झाडावं तर पोराची वाट मी माझ्या हाताने पुसते. न झाडावं तर बोभाटा वाढतो. सासूबाई असत्या तर विचारलं असतं. त्यांच्या वेळी केर कुणाची चुगली करत नव्हता.

तो निघाल्याला चौदा दिवस झाले. गल्लीतून जाणारे आता थांबत नव्हते, आमच्या दारापाशी आले की बोलणं बंद करायचे, पुढे गेल्यावर सुरू करायचे. कुठे पत्रा वाजला की वाटायचं कुणी आलं. केळीच्या चिंध्या पायरीशी ढीग करून होत्या, वारा आला की त्या खसखस करायच्या, आणि मला त्या गोष्टीतला साप आठवायचा.

मग एका दुपारी, जेवणं व्हायची होती, फोन वाजला. भलताच नंबर. सुनेने तो माझ्या कानाला लावला, कारण तिकडून मलाच मागितलं होतं.

"मोठी माय, मी पोचलो. अंगण झाडून घे."

आवाज त्याचाच. पण शाळेत धडा वाचतात तसा. मी म्हटलं, जेवलास का. हो. थंडी आहे का. नाही. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, बाबा, खिडकीतून काय दिसतं रे तुला?

"खिडकी नाही."

मागे कुणीतरी पुरुष काही बोलला, आम्हाला न कळणारं, आणि फोन बंद झाला. परत लावला तर लागला नाही.

मुलाने तेवढंच धरलं. पोचला म्हणाला ना, मग झालं. त्याने स्वतः झाडू काढला. जन्मात कधी हातात धरला नव्हता, उलटाच धरून निघाला. कामवाली मोरीत भांडी घासत होती. तिने हात न थांबवता मला हळूच विचारलं,

"बाई, तो पोचला, का नुसतं 'पोचलो' असं बोलला?"

मग तिने आपलं सांगितलं. तीन वर्षांमागे लेकीचा उसाच्या पडावावरून असाच फोन आला होता, बरी आहे, आम्ही पोचलो. चार दिवसांनी पाड्यावरचा एकजण परतला तेव्हा कळलं, ट्रक उलटला होता आणि लेकीचा हात मोडला होता. फोन मुकादमाचा, तो शेजारी उभा. दुसरं काय बोलेल पोरगी?

मी मुलाच्या हातून झाडू घेतला. म्हटलं, दे, हे तुझं काम नाही. गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल असं मी पुढचं अंगण झाडलं, ओटा झाडला, पायरी पाण्याने धुतली. समोरच्या बाईने विचारलं, आली का खुशाली? मी म्हटलं, आली, सुरतला छान आहे. तिनेही मान डोलावली. दोघींनाही ठाऊक होतं.

तुळशीपुढचा चौकोन मात्र मी सोडला. त्या सारवणात बुटाचा ठसा वाळून घट्ट झालाय, टाचेवरच्या रेघासुद्धा दिसतात. त्यावर मी केळीची जुनी टोपली पालथी घातली. मुलाने पाहिली, तशीच राहू दिली.

त्यानंतर फोन आलेला नाही. मुलगा दलालाला लावतो, तो म्हणतो पोरगा पोचला, आता काय. मी सगळीकडे झाडते आणि टोपलीच्या कडेशी हात थांबवते. काल वारा फार होता, टोपली सरकायला लागली. मी उठेपर्यंत कामवालीने नदीतला एक गोटा आणून तिच्यावर ठेवला होता.