दहा खोकी

रमझान ईदनंतरचा दुसरा शुक्रवार. आकडे दोन: माझं कोलेस्टेरॉल दोनशे शहाऐंशी, त्याचं तीनशे एक. हजर आम्ही तिघं: मी, माझी बायको आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सौदी. तो रोज समुद्रावरचा पूल ओलांडून सौदीतल्या खोबरहून इकडे बहारीनला कामाला यायचा. हूरा भागातल्या एका दवाखान्यात फुकट तपासणी होती, म्हणून मीच त्याला ओढून नेलं होतं.

दोघांनाही रोज एक गोळी सांगितली. एकच औषध, एकच ताकद. मला इथे महिन्याच्या खोक्याला नऊ दिनार चारशे फिल्स पडणार होते; हजार फिल्सचा एक दिनार. त्याला त्याच्या गावच्या सरकारी केंद्रात ते फुकट मिळायचं.

पुढच्या महिन्यात त्याने सीलबंद खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. "सदीक, तू ले. मेरा दिल घोडा माफिक." सदीक म्हणजे दोस्त. सिगरेट पेटवून तो हसला. त्याचे वडील पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले होते. हे त्यानेच मला सांगितलं होतं.

मी खोकं उलटसुलट करून पाहिलं. नाव जुळलं, मिलिग्रॅम जुळले, मुदत दीड वर्षाची. घेतलं.

घरी बायको म्हणाली, "अहो, त्यांच्या गोळ्या तुम्ही खाता, मग ते काय खातात?"

"त्यांचं ते बघतील. फुकट जातायत त्या."

"फुकट कशा? त्यांच्या नावावर येतात ना?"

मी पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली. अशी दहा खोकी घेतली. माझा आकडा एकशे ब्याऐंशीवर आला तेव्हा त्याला पेढे दिले. त्याने दोन खाल्ले.

अकराव्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, तो टेबलावर हात टेकून उभा राहिला आणि तसाच खाली बसला. चेहरा राखेसारखा. शर्ट घामाने चिंब. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याच्या पायाशी होतो. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला सकाळीच घेतलेली गोळी आठवत होती.

दुपारी त्याचा मोठा भाऊ पुलावरून आला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टरांनी विचारलं, कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती का? भावाने मोबाइल पुढे केला. त्याच्या गावच्या केंद्रातून दर महिन्याला गोळ्या घेतल्याची नोंद, एकही महिना चुकलेला नाही.

डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "रोज घेऊनही इतकं वाढलंय? म्हणजे ही गोळी त्यांना लागू पडत नाही. सगळं बदलावं लागेल."

नोंद खरी होती. खोटं काय ते त्या दाराशी एकट्या मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. डॉक्टर वळले तेव्हा मी त्यांची बाही धरली.

"त्याने एकही घेतली नाही. सगळ्या मी घेतल्या."

डॉक्टर भारतीय, त्यांना माझं हिंदी कळलं; भावाला हिंदी येत नव्हतं. मी मोडक्या अरबीत पुन्हा सांगितलं. त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो भिंतीला टेकला आणि बोटांवर मोजू लागला. दहाव्या बोटाशी थांबला.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खोडलं. "उपचार काय करायचे ते कळलं. जगेल का, ते तीन दिवसांनी विचारा."

तीन दिवस मी घरी जेवलो नाही. बायको डबा दवाखान्यातल्या बाकावर ठेवून जायची.

चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले. हृदयाचा मोठा भाग कायमचा निकामी. जिना चढायचा नाही, पुलावरून गाडी चालवायची नाही. मला पाहून ओठ हलले. "सदीक, घोडा खलास." मला हसता आलं नाही.

मी भावासमोर दहा खोक्यांचे चौऱ्याण्णव दिनार धरले. त्याने हात मागे सारला. "औषध सरकारचं, आणि दिलं त्यानेच. हे मी कुणाच्या नावावर घेऊ?"

चौऱ्याण्णव दिनार पाकिटात तसेच परत आले. त्या संध्याकाळी घराजवळ, गुदैबियातल्या औषधाच्या दुकानदाराला मी नऊ दिनार चारशे फिल्स दिले, एका खोक्याचे, माझ्या स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीवर.