वारस म्हणून कुणाचं नाव

वाशीम सोडून आम्ही हिंगोलीला आलो. अंतर थोडं, पण राज्य बदललं. इकडे निजामाचं, शिक्का वेगळा, कागद वेगळे. यांना कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी मिळाली होती. आमचं इथे कुणी नव्हतं. यांचं काही बरंवाईट झालं तर दोन मुलींना घेऊन मला दिराच्या दारात उभं राहावं लागणार, हे ठाऊक होतं. म्हणून विमा हवा हा हट्ट माझाच.

कंपनी इंग्रजी हद्दीतली. निजामाच्या मुलखात राहणाऱ्याला काय काय लागतं ते एजंटाकडून मी वहीत उतरवून घेतलं. शाळेचा वयाचा दाखला, वाशीमच्या डॉक्टरची तपासणी, हप्ता इंग्रजी कलदार रुपयांतच. इथला हाली शिक्का चालणार नाही. एकेक काम झालं की खूण करायची.

शेजारणीचा नवरा याच जिनिंगमध्ये. ती कुरुंद्याची. तिने कशाची चौकशी केली नाही, तरी पॉलिसी तिच्याकडे आधी आली. हळदीकुंकवाला तिने ती पत्र्याच्या नळकांड्यातून काढून सगळ्यांत फिरवली.

"तुमची अजून न्हाई आली का वो? एवढं लिहून राहिल्या होत्या!"

बायका हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाचता येत नव्हतं. "वाचा की," म्हणाली. सोबतच्या मराठी पत्रात वारस म्हणून तिच्या दिराचं नाव होतं. मी बाकी सगळं वाचलं, तेवढी ओळ गाळली. फार बरं वाटलं.

घरी येताच यांना विचारलं, "आपल्या अर्जात वारस कोण?"

"भाऊ. पैसे तिकडे इंग्रजी हद्दीतच मिळणार. तू कुठं हेलपाटे घालशील?"

"मला पाय आहेत."

एजंटाला पत्र मीच लिहिलं, सही यांची घेतली. दीड महिन्याने पॉलिसी आली, माझ्या नावासकट. मग शेजारणीकडे जाऊन तिच्या पत्रातलं सांगितलं.

तिने विचारलं, "मंग त्या दिवशी काहून न्हाई सांगितलं?"

"नजरेतून सुटलं."

"तुमच्या?"

मी कागद मागितला. तिथेच बसून तिच्या नवऱ्याच्या सहीसाठी वारस बदलण्याचा अर्ज लिहून दिला. तिने तो घेतला आणि समोरच्या मास्तरांच्या बायकोकडून वाचून घ्यायला गेली.